आप्पांच्या वालातली माशी

नम्रताचं लग्न ठरलं तेव्हा तिने मुलाकडच्यांना दोन गोष्टी आधीच सांगून टाकल्या होत्या. रोह्याच्या कॉलेजातली शिकवण्याची नोकरी ती सोडणार नव्हती, आणि तिच्याबरोबर घरात थोडे किडे येणार होते. पहिल्या गोष्टीला कुणाचीच हरकत नव्हती. दुसरी ऐकून तिचे होणारे सासरे, कासूचे केरूआप्पा, म्हणाले, "शेतकऱ्याच्या घरी किडे घेऊन येणारी सून पयलीच असंल." मग हसले, आणि लग्न झालं.

किडे म्हणजे गांधीलमाश्या. पण वाशाला पोळं करून बसणाऱ्या, डंख मारून गाल सुजवणाऱ्या त्या नव्हेत. नम्रताच्या गांधीलमाश्या मोहरीएवढ्या, तिळाएवढ्या, काही तर राजगिऱ्याच्या दाण्याएवढ्या. माणसाच्या वाटेला त्या जात नाहीत. त्यांचं सगळं लक्ष अळ्यांवर. मादी अळी हुडकते, शेपटीसारख्या बारीक नळीने तिच्या अंगात अंडं घालते आणि उडून जाते. अंड्यातलं पिल्लू अळीला आतून खात मोठं होतं. अळी मरते, पिल्लू बाहेर येऊन कोष विणतं, आणि कोषातून निघते नवी माशी. पेणपासून रोह्यापर्यंत वालाच्या शेतांत अशा माश्यांच्या किती जाती आहेत आणि कुठली कुठल्या अळीवर जगते, हे कुणी बारकाईने पाहिलं नव्हतं. नम्रता पीएचडीसाठी तेवढंच पाहत होती.

घराच्या मागच्या पडवीत तिच्या बरण्यांची फळी होती. लोणच्याच्या, कॉफीच्या, जामच्या, मिळतील तशा बरण्या. प्रत्येकीत किडक्या शेंगा, तोंडाला सासूबाईंच्या जुन्या वायल साडीचं फडकं, त्यावर रबर, आणि शेंगा कुठून कधी आणल्या त्याची चिठ्ठी. सासूबाईंनी, म्हणजे रंभाबाईंनी, सुरुवातीला एकच अट घातली होती, की अळ्या माजघरात यायच्या नाहीत. पुढेपुढे त्याच सकाळी पाणी भरता भरता बरण्यांवरून नजर फिरवायच्या आणि आतूनच हाक द्यायच्या, "नम्रता, कडेच्या बरणीत काय तरी उडतंय गो."

आप्पा मात्र पडवीत फिरकत नसत. त्यांचा मान वेगळा होता. कालव्यापलीकडे त्यांचा एक तुकडा होता, भात निघालं की त्यात ते बियाण्याचा वाल पेरायचे, आणि तो वाल कासूपासून कोलाडपर्यंत माहीत होता. काढणीच्या आधीच लोक येऊन बियाणं सांगून जात. "माझ्या वालाला कीड लागत नाय," असं आप्पा प्रत्येकाला सांगत. दुसरा एखादा म्हातारा आपल्याला शुगर नाही म्हणून सांगतो, त्याच सुरात. नम्रता नवी नवरी असतानाच त्यांनी तिला बजावलं होतं, "तुला कीडच पायजे ना? मग सगळीकडं फिर. माझ्या बियाच्या तुकड्यात येऊन येळ फुकट घालवू नको." तिला ते पटलं होतं. जिथे अळी नाही तिथे अळीवरची माशी कशी असणार?

शेंगा गोळा करायला घरातल्या सगळ्यांचीच मदत व्हायची. तिचा नवरा जितेश धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा. परत येताना कुठे तरी मोटरसायकल थांबवून पिशवीभर किडक्या शेंगा आणायचा. जानेवारीत त्याने अशीच एक मोठी पिशवी आणून दिली. नम्रता पेपर तपासण्याच्या गडबडीत होती. तिने मूठभर शेंगा बरणीत घातल्या, बाकीच्या टोपलीत ठेवून वर फडकं बांधलं, आणि चिठ्ठीवर घाईघाईत लिहिलं, "कासू, जितेशने आणलेल्या."

त्या बरणीतून एका सकाळी जी माशी निघाली, ती रंभाबाईंनीच पहिल्यांदा पाहिली. "हिची शेपूट बघ केवढी लांब हाय."

खरंच लांब होती. माशी तिळाएवढी, आणि मागची नळी तिच्या अंगाहून लांब. डोकं आणि छाती काळीभोर, पोट मधाच्या रंगाचं, पंख जरासे धुरकट. अशी माशी नम्रताने याआधी पाहिली नव्हती. ती कुपीत घालून तिने रोह्याला नेली आणि शेवटचा तास संपल्यावर कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली ठेवली.

अशा माशीची ओळख पटवायला शास्त्रज्ञांनी प्रश्नांच्या जोड्या करून ठेवलेल्या असतात. त्याला ते किल्ली म्हणतात. पंखातली अमुक शीर पूर्ण आहे की मध्येच तुटलेली? पूर्ण असेल तर या प्रश्नाकडे जा, तुटलेली असेल तर त्या. असं वळत वळत शेवटी एका नावाशी जाऊन उभं राहायचं. नम्रताला हे आवडायचं. अनोळखी गावात पत्ता विचारत विचारत घर सापडावं, तसं वाटायचं. पण या माशीला घेऊन ती अशा प्रश्नापाशी पोहोचली, की दोन्ही उत्तरं चुकीची. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथेच.

पुण्याच्या सुरभी मॅडम तिच्या गाईड होत्या. तिने त्यांना फोटो पाठवले. लगेच फोन आला.

"सुंदर आहे," मॅडम म्हणाल्या. "पण एकटी मादी आहे. एकटीवरून मी काही बोलणार नाही. आणखी माद्या हव्यात, नर हवा, कुठल्या अळीतून निघते ते खात्रीने कळायला हवं. त्या शेंगा आहेत ना अजून?"

"टोपलीभर आहेत."

"मग जप त्यांना."

त्याच आठवड्यात शनिवारी शेतावर पोपटी ठरली होती, मडक्यात शेंगा भाजून खायचा दरवर्षीचा बेत. नम्रताची नणंद अनिता पेणहून नवरा, मुलं, शेजारपाजार असा लवाजमा घेऊन आली होती. नम्रताला कॉलेजात उशीर झाला आणि रोह्याहून गाडीही रखडत आली. ती शेतावर पोहोचली तेव्हा मडकं उपडं होऊन त्याच्याभोवती जाळ धडधडत होता आणि शेकलेल्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास पार रुळांपर्यंत येत होता. जाळ ओसरला, मडकं उघडलं, केळीच्या पानांवर शेंगा, अंडी, बटाटे, कोंबडी ओतली गेली. दिवसभराची भुकेली नम्रता शेंगांवर तुटून पडली.

"काय मस्त आहेत हो ताई शेंगा," ती म्हणाली.

"असणारच," अनिता म्हणाली. "तूच निवडून ठेवलेल्या ना."

"मी?"

"पडवीतल्या, वहिनी. फळीखालच्या टोपलीतल्या. कसं नीट फडकं बांधून ठेवलं होतंस. मी म्हटलं, वहिनीने पोपटीसाठीच काढून ठेवल्यात. काळोख पडायला आला होता, तशाच मडक्यात रिचवल्या."

नम्रताच्या हातात अर्धी सोललेली शेंग होती. तिने ती मोबाइलच्या उजेडात धरली. दाण्याला भोक होतं, आणि भोकात, ओवा-मिठात छान शिजलेली, एक अळी होती.

तिने सांगितलं तेव्हा दोन-चार जण थुंकायला उठले. अनिताच्या नवऱ्याने तोंडातला घास शांतपणे गिळला आणि म्हणाला, "तरीच चव जरा वेगळी लागत होती." रंभाबाईंनी पोरांना दटावलं. "कोंबडी खाता तवा ती काय खाते ते इचारता काय? गप जेवा." त्यावर सगळे हसले, नम्रताही हसली, आणि हसता हसताच तिला रडू यायला लागलं. अनिता घाबरली. किडे खाल्ल्याबद्दल कुणी रडलं असतं तर ते तिला समजलं असतं. किडे संपल्याबद्दल रडणारी बाई ती प्रथमच पाहत होती.

आप्पांनी मात्र त्या संध्याकाळी एकाही शेंगेला हात लावला नव्हता. नुसती अंडी आणि बटाटे खाल्ले होते. हे नम्रताला फार नंतर आठवलं.

घरी जाताना तिने जितेशला विचारलं, "त्या शेंगा कुठल्या शेतातल्या होत्या?"

"वाटेतल्याच."

"कुठल्या वाटेतल्या?"

"आता काय आठवतंय? घेतल्या अशाच कुठून तरी," जितेश म्हणाला आणि मोटरसायकलला किक मारली. एरवी तो इतकं तोडून बोलत नसे. पण शिफ्ट करून आलेला माणूस, दमला असेल, असं तिला वाटलं.

पुढचे काही आठवडे घरात किडक्या शेंगांचा पूर आला. पोपटी खाऊन गेलेल्या सगळ्यांना वाटलं, आपण हिचं काही तरी खाऊन टाकलं, ते भरून द्यायला हवं. अनिता पेणहून येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पिशव्या पाठवू लागली. गावातले लोक शेंगा निवडताना चांगल्या आपल्याला आणि किडक्या मास्तरीणबाईंना अशी वाटणी करू लागले. बरण्या संपल्या, मग पाण्याच्या बाटल्या कापून वापरल्या, मग रंभाबाईंची आणखी एक साडी कामी आली. माश्याही भरपूर निघाल्या. पण सगळ्या ओळखीच्या. नम्रता सुट्टीच्या दिवशी नागोठण्याकडे गेली, कोलाडची शेतं फिरली, रोह्याच्या नदीकाठचे मळे पाहिले. कुठे आदल्या दिवशीच फवारणी झालेली, कुठे अळी होती पण माशी साधीच. गाडीत डोळे मिटले तरी तिला वालाच्या शेंगा दिसायच्या.

आप्पा हे सगळं पाहत होते. तिचं ताट झाकून ठेवायला रंभाबाईंना सांगत, "पोरगी उन्हाची वणवण फिरते," असं पुटपुटत, आणि अंगणात जाऊन बसत.

एका रविवारी सकाळी रंभाबाईंनी तिच्या हातात आप्पांचा मोबाइल दिला. "घरीच इसरून गेलेत. कोलाडच्या शिवाचा सारखा फोन येतोय. येवढा देऊन ये गो, बियाच्या तुकड्यात असतील."

कालवा ओलांडून नम्रता बांधावर आली तेव्हा आप्पा वालात वाकून शेंगा तोडत होते. खांद्यावरचा टॉवेल काढून त्याची त्यांनी झोळी केली होती आणि शेंगा त्यात टाकत होते. भाजीला काढतायत असं तिला वाटलं. मग तिच्या ध्यानात आलं, की ते भरलेल्या, टपोऱ्या शेंगा तशाच सोडतायत आणि मधल्या कुठल्या कुठल्या शोधून काढतायत.

"आप्पा," तिने हाक मारली.

आप्पा वळले नाहीत. "फोन तितंच ठेव बांधावर."

तिने फोन ठेवला, पण ती परत न जाता आत गेली. टॉवेलात किडक्या शेंगा होत्या. प्रत्येकीला बारीक भोक, भोकाच्या तोंडाशी ओला भुसा. तिला तो भुसासुद्धा ओळखीचा वाटला.

आप्पाच म्हणाले, "दरसाल येते थोडी. सकाळी लवकर येऊन काढून टाकतो. माझा बापूस बी काढायचा."

"म्हणजे जितेशने आणल्या त्या..."

"मी पेंढ्याच्या गंजीमागं टाकल्यावत्या. त्यानं उचलल्या. मला बोलला, तिचं काम व्हईल. मी बोललो, ने, पण कुठल्या ते सांगशील तर याद राख."

नम्रताला एकदम राग आला आणि त्याच वेळी हसूही आलं. कोलाडपर्यंत पायपीट करून जी शोधत होती, ती गंजीमागे पडलेली होती. "आप्पा, मला ह्या शेंगा द्याल?"

आप्पांनी लगेच टॉवेल पुढे केला. "ने की. पायजे तेवढ्या ने. फकस्त चिठ्ठीवर माझं शेत लिवू नको. लिव, कालव्याकाठी."

"तसं नाही लिहिता येत, आप्पा."

"का? कालवा काय लांब हाय?"

"उद्या दुसरं कुणी ही माशी शोधायला आलं, तर ते माझी चिठ्ठी वाचून येणार. कालव्याकाठी हिंडत बसेल आणि त्याला काही सापडणार नाही."

"नाय सापडली तर नाय सापडली. कुणाचं काय अडतंय?"

"माझं अडेल. जागा खोटी असेल तर सगळं कामच खोटं."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. रागावले नव्हते, पण चेहरा बंद झाला होता. "मग नको नेऊ," ते म्हणाले आणि टॉवेलाला गाठ मारली.

ती तशीच परत आली. संध्याकाळी गंजीमागे त्या शेंगा पडलेल्या होत्या. जाता-येता तिला दिसत. उचलल्या असत्या तर कुणी पाहिलंही नसतं. जितेश म्हणाला, "उचल ना. आप्पा काय मोजून ठेवतात काय?"

"आणि चिठ्ठीवर काय लिहू?"

शेंगा उन्हात वाळत गेल्या, मग कोंबड्यांनी विस्कटल्या. घरात सासरे-सून एकमेकांशी नीट बोलत होते, चहा देणं-घेणं चालू होतं, पण रंभाबाईंना काही तरी खटकत होतं. त्यांनी दोघांनाही वेगवेगळं गाठून विचारलं. दोघांनीही "काय नाय" म्हणून सांगितलं.

मग एका दुपारी आप्पा आपणहून पडवीत आले. नम्रता तिच्या छोट्या मायक्रोस्कोपखाली ती एकुलती एक माशी ठेवून पंखांचं चित्र काढत होती. आप्पा मागे उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "बघू."

ती उठली. आप्पांनी एक डोळा मिटून दुसरा लावला. "दोन्ही उघडे ठेवा," तिने सांगितलं. त्यांनी ठेवले. बराच वेळ ते वाकून पाहत राहिले. इतका वेळ, की ते झोपले की काय असं तिला वाटलं.

"हिची कंबर बघ केवढीशी," ते शेवटी म्हणाले. "आणि ही जी शेपूट, ती शेंगेतून आत?"

"हो. सालीतून आरपार. आत अळी नेमकी कुठे बसलीय ते तिला बाहेरून कळतं."

"कसं काय?"

"वासाने असेल. किंवा अळी दाणा कुरतडते त्याच्या हादऱ्याने. मलाही नक्की माहीत नाही."

"आणि अळी मरते."

"लगेच नाही. पण मरते."

आप्पांनी पुन्हा डोळे लावले. "माझ्याच तुकड्यात का सापडली? बाकी गावभर फिरलीस ना?"

"मला वाटतं, बाकी सगळे फवारतात म्हणून. फवारलं की अळीबरोबर माशीही जाते."

"बियाला औषध मारायचं नाय," आप्पा म्हणाले. हे ते नेहमीच म्हणत, पण या वेळी त्यांचा आवाज जरा सैल होता. "आणि मी ज्या अळ्या काढून टाकतो, त्यांच्या पोटात ह्या असतील?"

"काहींच्या असतील."

ते सरळ झाले, कमरेवर हात ठेवला, फळीवरच्या बरण्या पहिल्यापासून शेवटपर्यंत नजरेखालून घातल्या आणि निघून गेले.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी कोलाडचा शिवा आला. शिवाचं हायवेला जेवणाचं हॉटेल होतं आणि मागे थोडी शेती. बियाण्याला आणि हॉटेलातल्या बिरड्याला असा दोन्हीला तो आप्पांचाच वाल न्यायचा. पडवीत चहा झाला. शिवाने दरवर्षीप्रमाणे विचारलं, "मग आप्पा, यंदा कसा हाय वाल?"

दरवर्षीचं उत्तर ठरलेलं होतं. प्रश्न संपायच्या आत ते यायचं. नम्रता टेबलाशी बसली होती. तिने मान वर केली नाही. आप्पांनी कपातला चहा हलवला, प्याले नाहीत.

"यंदा थोडी कीड हाय," ते म्हणाले.

आत रंभाबाईंच्या भांड्यांचा आवाज थांबला.

शिवाने बशीतला चहा फुंकला. "ती काय, दरसाल असते थोडी."

"दरसाल?"

"थोडीच हो. घरी निवडायला बसतो तवा सापडतात की किडके दाणे. आमची मंडळी बोलायची, आप्पांना सांगा एकदा. मी बोललो, कशाला, त्यांना उगीच वाईट वाटंल."

"मग इतकी वर्सं नेतोस कशाला?"

"चवीला. दुसऱ्या कुणाचा वाल बिरड्यात असा लागत नाय. आणि पेरला तर दाण्याला दाणा उगवतो. कीड कुणाच्या वालात नसते, आप्पा?"

आप्पांनी आतल्या दाराकडे पाहिलं. रंभाबाई उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या. "मला बी ठाऊक व्हतं," त्या म्हणाल्या. "लगीन होऊन आले त्याच साली. सकाळी सकाळी टॉवेलात काय बांधून आणता ते मला काय दिसत नाय व्हय?"

"गावात कुणाकुणाला ठाऊक हाय?" आप्पांनी विचारलं.

शिवा एकदम खाली वाकून चप्पल नीट करायला लागला. आप्पांना राग यावा की सुटल्यासारखं वाटावं, हेच ठरवता येईना. त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला, टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि नम्रताला म्हणाले, "टोपली घे. चल गो."

ते पुढे, ती मागे, आणि त्यांच्यामागे, कशाला ते न कळताच, शिवा. तुकड्यात शिरल्यावर आप्पांचा रुबाब परत आला. कुठल्या कोपऱ्यात अळी आधी येते, कुठल्या ओळीत उशिरा, सावलीला किती, उन्हाला किती, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. इतकी वर्षं ते हे मनातल्या मनात सांभाळून होते, आता भडाभडा सांगत सुटले. बांधालगतच्या ओळींत नम्रताला झाडांवर दोन जिवंत माश्या दिसल्या. एक शेंगेवर बसून ती लांब नळी कमानीसारखी वाकवत होती. आप्पा, शिवा आणि नम्रता तिघं त्या शेंगेभोवती उकिडवे बसून राहिले, माशी उडून जाईपर्यंत. शिवाने मध्येच विचारलं, "ही चावत नाय ना?" आणि आप्पांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू ते आयुष्यभर हेच शिकवत आले होते.

टोपली भरल्यावर आप्पा म्हणाले, "ह्या कोपऱ्याला यंदा आता मी हात लावत नाय. ऱ्हाऊ दे तिचं तिला."

या वेळी टोपलीवर फडकं आणि फडक्यावर रंभाबाईंचा पहारा होता. अनिताचा फोन आला तरी त्या आधी सांगत, "पडवीत जायचं नाय." नम्रताने प्रत्येक अळी वेगळी ठेवली, म्हणजे कुठल्या अळीतून काय निघालं याचा घोळ नको. पहिल्यांदा माद्या निघाल्या, लांब शेपटीच्या. मग एका कुपीत एक साधासा, मळकट किडा निघाला. शेपूट नाही, पाय पिवळे, आणि डोक्यावरच्या मिशा मात्र अंगाहून लांब. ही वेगळीच जात असावी म्हणून नम्रताने त्याला बाजूला ठेवलं. मग तसाच दुसरा निघाला, तिसरा निघाला. शंका येऊन तिने त्यातला एक मादीच्या बरणीत सोडला. किडा क्षणभर गोंधळला, मग पंख उभारून फडफडवत मादीच्या मागेमागे बरणीभर पळायला लागला.

"नर आहे," नम्रता म्हणाली.

"ते आम्हाला बी दिसतंय," रंभाबाई म्हणाल्या.

माश्या टोकदार कागदाच्या इवल्या तुकड्यांवर चिकटवून, टाचणीला लावून तयार झाल्या. प्रत्येक टाचणीला नखाएवढी चिठ्ठी. आप्पा चष्मा लावून शेजारी बसले होते. त्यांनी पहिली चिठ्ठी हातात घेतली. कासू, केरू मोकल यांचा बियाण्याचा वाल.

"केरू नामा मोकल लिव," ते म्हणाले. "गावात केरू मोकल आणखी एक हाय. त्याचा वाल तू बघितलायस, नुसती फवारणी."

नम्रताने चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या. सुरभी मॅडमनी माश्या पाहिल्या, त्यांनाही नाव लागेना, म्हणून त्यांनी त्या माश्यांच्या या कुळाच्या एका जाणकाराकडे पाठवल्या. मग वाल निघाला, झोडला, वाटला गेला, शिवाचा टेम्पो येऊन गेला, कॉलेजच्या परीक्षा झाल्या.

उत्तर आलं तेव्हा भर मे महिना होता. नम्रताने स्टाफरूममध्ये मेल उघडला आणि पहिल्या दोन ओळींतच तिचा चेहरा उतरला. जात नवी नव्हती. फार वर्षांपूर्वी, इथून फार लांब, कुणी तरी दोन माद्या पकडल्या होत्या आणि त्यांना नाव देऊन ठेवलं होतं. लेख इतका जुना आणि आडजागी छापलेला, की आताच्या कुठल्याच किल्लीत तिचा समावेश नव्हता. म्हणून तर ती प्रत्येक वेळी त्याच प्रश्नापाशी अडत होती. तिने मॅडमना फोन लावला.

"मेल पूर्ण वाचलास का?" मॅडमनी विचारलं.

"नवी नाही एवढं वाचलं."

"पुढचं वाच. त्यांच्याकडे फक्त दोन माद्या होत्या. तिचा नर आजवर कुणी पाहिलेला नाही. ती कुठल्या अळीवर जगते हे कुणाला ठाऊक नव्हतं. तुझ्याकडे दोन्ही आहे. नराचं वर्णन तू लिहायचंस, जगात पहिल्यांदा. आता तोंड पाडून बसणार असशील तर मी दुसऱ्या कुणाला देते."

"नको," नम्रता घाईने म्हणाली, आणि समोर बसलेल्या गणिताच्या सरांकडे बघून उगाचच हसली.

ती घरी आली तेव्हा आप्पा भाताच्या रोपांसाठी राबाची जमीन भाजून अंगणात हातपाय धूत होते. अंगाला धुराचा वास. तिने त्यांना सगळं सांगितलं. आप्पांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"म्हंजे नवी नाय."

"नाही. मादीला आधीच नाव आहे. तिचा नर तेवढा कुणाला सापडला नव्हता."

आप्पांनी थोडा विचार केला. "म्हंजे बायकोचं नाव कागदावर, आणि नवरा बेपत्ता."

"तसंच."

"इतकी वर्सं."

"इतकी वर्षं."

"आणि तो हितं, माझ्या वालात." आप्पा हसायला लागले. हसता हसता धुराने त्यांना ठसका लागला, रंभाबाई पाणी घेऊन धावल्या, आणि काय झालं ते कळल्यावर त्याही पदर तोंडाला लावून ओटीवर बसल्या. दिवेलागणीपर्यंत गावात बातमी पसरली, की कुणा परक्या बाईचा हरवलेला नवरा केरूआप्पांच्या शेतात सापडला. निम्म्या लोकांनी ती माशी आहे हे मागाहून ऐकलं. काहींनी ऐकलंच नाही. शिवाने कोलाडहून फोन करून विचारलं, की नवरदेव चांगल्या घरचा आहे ना. आप्पांनी त्याला सांगितलं, "माझ्या घरचा हाय."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. नम्रता सकाळपासून मायक्रोस्कोपला डोळे लावून नराच्या मिशांची कांडी मोजत होती. मोजणी चुकत होती, कारण शेवटची कांडी फारच बारीक होती आणि बाहेर लग्नाचा बेंजो वाजत होता. आप्पा राबाकडे निघाले होते. ते पडवीच्या कठड्याशी थांबले.

"भातात बी असतील काय गो अशा?"

"पुष्कळ असतील. खोडकिड्यावरच्या काही मला माहीत आहेत. बाकीच्या शोधाव्या लागतील."

"रोपात की लावणीनंतर?"

"दोन्हीत बघायला हवं."

आप्पांनी मान हलवली, विळा कमरेला खोचला. "मग रोप वर येऊ दे," ते म्हणाले. "सकाळी मी लवकर उठतोच. तू बी येत जा."